आठवण मागू नये, निमित्त द्यावे

वाचक सज्जनहो, या महिन्याचा पाठ नेहमीच्या अभंगविवरणाचा नाही. विषय घरातला आहे आणि पुष्कळ घरांतला आहे. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते. ज्या घरी उतरावे तेथे पाय धुवायला पाणी येते, चहा येतो, आणि मग घरातली माणसे आवाज खाली करून सांगू लागतात, "महाराज, आमच्या आबांचं आता काही खरं नाही. जेवले तरी जेवलो नाही म्हणतात. काल सुनेलाच विचारत होते, बाई तुम्ही कोणाच्या?" हे बोलणे चालू असताना आबा तेथेच कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले असतात. एके काळी मंडळीत पुढच्या ओळीत उभा राहणारा हा माणूस. त्याच्याशी कोणी बोलत नाही, कारण बोलून उपयोग नाही असे ठरून गेलेले असते. त्याला कोणी काम सांगत नाही, कारण सांगितलेले काम बिघडते. अशा माणसाच्या हाताला काम आणि जिवाला संगत कशी द्यावी, एवढाच आजचा विषय आहे.

१. हा रोग आहे, दोष नव्हे

आपल्याकडे याला म्हातारचळ म्हणतात. कोणी बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे जातात, तर कोणी "साठी बुद्धी नाठी" म्हणून हसून सोडून देतात. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. वय झाले की एखादे नाव चटकन ओठांवर येत नाही, हे निराळे. चष्मा कोठे ठेवला हे सगळेच विसरतात. पण चष्मा हातात घेऊन याचे काय करायचे हे न कळणे, चाळीस वर्षांच्या पायाखालच्या वाटेवर घर न सापडणे, नुकतेच विचारलेले पुन्हा पुन्हा विचारणे, ही रोगाची लक्षणे आहेत. वैद्यकात याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०६ साली ट्युबिंगेन येथील सभेत अशाच एका स्त्रीची हकीकत मांडली. ती पन्नाशीतच आजारी पडली होती, आणि तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा त्यात झालेली झीज व साचलेले द्रव्य त्याला दिसले. त्याच्या नावाचा हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्याने होणारा दुसरा प्रकार असतो, त्यामागे रक्तदाब व मधुमेह पुष्कळदा असतात. आपल्या देशातील पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे साठीच्या पुढील शेकडा ७.४ माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, हा विकार आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे. तेव्हा हा मोठ्या शहरातला आजार आहे, आपल्या वाडीवस्तीवर तो नाही, असे कोणी समजू नये.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे मला भाग आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंश हा शब्द आला आहे. विषयचिंतनापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, त्यातून स्मृतीचा भ्रंश, आणि शेवटी बुद्धिनाश, अशी ती उतरंड आहे. हा श्लोक पुढे करून "म्हातारा तापट होता, त्याचं हे फळ" असे म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. हा अर्थ सर्वथा अयोग्य होय. गीतेतील स्मृती म्हणजे शास्त्र व गुरू यांच्या उपदेशाने ठसलेला विवेक. क्रोधाने तो सुटतो, एवढेच तेथे सांगायचे आहे. मेंदूच्या पेशी झिजण्याचा जो रोग आहे त्याच्याशी त्या श्लोकाचा काही संबंध नाही. शांत माणसाला हा रोग होतो, तापटाला होतो, विद्वानाला होतो, निरक्षरालाही होतो. आजारी माणसाच्या माथी पाप मारणे हेच खरे पाप.

आधी डॉक्टरांकडे न्यावे. कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, खोल उदासी, काही औषधांचा परिणाम, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, यांनीही माणूस असाच विसरू लागतो, आणि यांवर उपाय आहेत. कानाने ऐकू येत नसले तरी माणूस भ्रमिष्ट वाटतो. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. कालपर्यंत बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळू लागला किंवा गुंगू लागला, तर तो आजार वाढला असे समजून बसू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ, नवे औषध, यांपैकी काही झालेले असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मूळ रोग मात्र बरा करणारे औषध अजून नाही. काही औषधांनी काही काळ थोडा आधार मिळतो. पुढे जे सांगणार आहे त्यानेही रोग जाणार नाही. पण माणसाचा दिवस बरा जाईल, आणि दिवस बरा जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

२. संस्कार आणि उद्बोधक

पाठशाळेत तर्कसंग्रह घोकताना स्मृतीचे लक्षण आम्ही शिकलो. न्यायशास्त्राप्रमाणे स्मृती हे संस्कारापासून उपजणारे ज्ञान आहे. अनुभव येतो आणि जातो, मागे संस्कार राहतो. तो निजल्यासारखा पडून असतो. त्याला जागे करणारे काही निमित्त लागते, त्यास उद्बोधक म्हणतात. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अशा निमित्तांची एक लांब यादीच आहे. तीत अभ्यास आहे, सादृश्य आहे, संबंध आहे, सुखदुःख आहे, आणि आनंतर्य आहे. आनंतर्य म्हणजे एकामागून एक येण्याचा क्रम. पहिली गोष्ट झाली की तिच्या मागून येणारी दुसरी आपोआप आठवते.

शास्त्रकारांना मेंदूचा हा रोग ठाऊक होता असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे खोटे होईल. पण संस्कार वेगळा आणि त्याला जागे करणारे निमित्त वेगळे, हा जो भेद त्यांनी केला तो आज आपल्या कामाचा आहे.

आता अलीकडची गोष्ट पाहा. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग त्यात काढला गेला. त्यानंतर त्याला नवे काही ध्यानात राहीना, नुकताच भेटलेला माणूसही तो विसरे. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवस हे चालले. दर वेळी तो म्हणे, असले काही मी कधी केलेले नाही. पण त्याचा हात दिवसेंदिवस सफाईने चालू लागला. १९६२ साली हे प्रसिद्ध झाले, आणि सांगता येणारी आठवण निराळी, हाताची आठवण निराळी, हे विद्वानांनी मान्य केले. अल्झायमरच्या रोगात मेंदूचा तोच भाग आधी झिजू लागतो. हाताची, चालीची, तालाची आठवण पुष्कळ काळ मागे टिकते.

एका गावच्या मंडळीतले जुने पखवाजवादक या आजाराने घरी बसले होते. मुलाने विचारले, "अण्णा, पखवाज कसा लावायचा, सांगा बरं." अण्णांना एक शब्द सांगता येईना, ओशाळून त्यांनी मान खाली घातली. मग कोणीतरी पखवाज पुढ्यात आणून ठेवला आणि शेजारी कणकेचा ओला गोळा ठेवला. बोलले कोणी काही नाही. अण्णांनी गोळा उचलला, डाव्या तोंडावर थापला, बोटाने कडा सारखी केली, थाप मारून पाहिली, थोडी कणीक काढली, पुन्हा थाप मारली. जे सांगता येत नव्हते ते करता येत होते.

सज्जनहो, या पाठाचे सार एवढेच आहे. प्रश्न विचारून आठवण मागितली की माणसाचा तुटलेला भाग आपण ओढतो. निमित्त पुढे ठेवले की शाबूत राहिलेला भाग आपण हाती धरतो. म्हणून आठवण मागू नये, निमित्त द्यावे.

३. काम कसे निवडावे

घरात एक वही करावी. या माणसाने जन्मभर काय केले, पहाटे उठून पहिले काम कोणते, हात कशाला सरावलेले, कोणते गाणे, कोणता वास, कोणती जागा आवडीची, कशाची भीती, हे सारे वहीत लिहावे. मुलांना ठाऊक नसेल ते बहिणीला, जुन्या शेजाऱ्याला विचारावे. काम या वहीतून निघाले पाहिजे. जन्मभर नांगर धरलेल्या माणसापुढे रंगीत खडू ठेवले तर तो गोंधळेल, पण सुतळीचे पेळू दिले तर दोर वळील.

आपल्या घरांत अशी कामे मुबलक आहेत. देवासाठी वाती वळणे, फुले निवडून माळ ओवणे, सहाणेवर गंध उगाळणे, पूजेची भांडी चिंचेने घासणे. स्वयंपाकघरात शेंगा फोडणे, लसूण सोलणे, मूग-मटकी निवडणे, मेथीची पाने खुडणे, कणीक मळणे. बाहेर तुळशीला पाणी घालणे, अंगण झाडणे, गुरांपुढे वैरण टाकणे, कोंबड्यांना दाणे टाकणे. कपड्यांच्या घड्या करणे, टाळांच्या दोऱ्या बांधणे, पोथीचे बासन उलगडून पुन्हा बांधणे. जिने चाळीस वर्षे जाते ओढले त्या आजीला जात्याशी बसवले, दुसऱ्या कोणी ओढायला हात लावला, की ओवी कधी कधी आपसूक येते. नाही आली तरी जात्याचा घरघर आवाज आणि पिठाचा वास तिच्या ओळखीचा आहे.

काम खरे असावे. वळलेली वात संध्याकाळी देवापुढे लागली पाहिजे, सोललेला लसूण आमटीत पडला पाहिजे. नुसते गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले खोटे काम माणसाला कळते. शब्द हरवले तरी मान-अपमान कळतो, तो शेवटपर्यंत कळतो.

मॉन्तेसोरीबाई १९३९ साली भारतात आल्या. खरी वस्तू हातात द्यावी, काम लहान पायऱ्यांत मांडावे, बोलण्यापेक्षा करून दाखवावे, ही त्यांची रीत आपल्या बालवाड्यांतून रुजली. कॅमेरॉन कॅम्प या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तीच रीत विस्मरणाच्या रुग्णांसाठी वापरात आणली. पण एक पथ्य सांभाळावे. रीत बालवाडीची असली तरी समोर बसलेला माणूस बाळ नव्हे. त्याला "बाळा, शहाणा कोण" असे बोलू नये. आबांना आबाच म्हणावे, अहोजाहो सोडू नये.

४. काम देण्याची रीत

पहिली गोष्ट, परीक्षा बंद. "मला ओळखलंत का? माझं नाव सांगा पाहू," हा प्रश्न प्रत्येक पाहुणा हौसेने विचारतो, आणि प्रत्येक वेळी म्हातारा नापास होतो. घरात शिरताच आपणच सांगावे, "आबा, मी तुमचा धाकटा जावई. खरवस आणलाय तुमच्यासाठी." नाव आठवण्याचे ओझे उतरले की माणूस मोकळा होतो.

दुसरी, आरंभ आपण करावा. शेजारी बसून आपण दोन वाती वळाव्या आणि कापूस त्यांच्या हाती द्यावा. सांगू नये, दाखवावे. सांगायचेच तर एका वेळी एकच वाक्य. "आधी शेंगा घ्या, मग फोडा, टरफल टोपलीत टाका आणि दाणे ताटात" हे चार कामांचे वाक्य झाले. त्याऐवजी शेंग हातात द्यावी. ती फुटली की ताट पुढे करावे. हाच आनंतर्याचा उपयोग.

तिसरी, जागा आणि वेळ नेमकी ठेवावी. रोज तीच चटई, तोच उजेडाचा कोपरा. रेडिओ-टीव्ही बंद. पांढरे तांदूळ पांढऱ्या ताटात दिसत नाहीत, गडद कापडावर पसरावे. चष्मा पुसून लावावा, कानाचे यंत्र असेल तर चालू आहे ना पाहावे. सकाळची वेळ बहुधा बरी असते. वीस मिनिटे पुरेत. हात मंदावले, नजर भिरभिरू लागली, कपाळाला आठ्या पडल्या की "झालं काम, आता चहा घेऊ," म्हणून आनंदाने थांबावे.

चौथी, चूक काढू नये. मुगात खडे राहिले तर राहू द्या, नंतर आपण निवडावे, त्यांच्या देखत नव्हे. घडी वाकडी झाली तर तशीच कपाटात ठेवावी. आपल्या कीर्तनात एक सुंदर चाल आहे. कीर्तनकाराचा शब्द अडला तर मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात. महाराज विसरले असे कोणी ओरडून सांगत नाही. चाल पुढे चालते, आणि तेवढ्यात शब्द सापडतो. घरातल्यांनीही टाळकरी व्हावे. शब्द अडला तर हलकेच पुरवावा, नाहीच सापडला तर चाल पुढे न्यावी.

पाचवी, धोका ओळखावा. विळा, कोयता, रॉकेल, गॅसचे बटण, फवारणीचे औषध, परसातील उघडा आड, यांची व्यवस्था आधी करावी. आजी भाकरी थापू शकेल, पण तव्याशी दुसऱ्या कोणी असावे. माणूस हरवू नये म्हणून खिशात किंवा गळ्यात नाव, गाव व फोन नंबर लिहिलेला बिल्ला असू द्यावा. शेजाऱ्यांना, चहाच्या टपरीवाल्याला, एस.टी. स्टँडवर सांगून ठेवावे. यात लाज कसली?

५. दिवेलागणीची वेळ

पुष्कळ घरांचा अनुभव असा की दिवस कलला की यांची घालमेल सुरू होते. येरझाऱ्या घालतात, दाराची कडी काढतात, "मला घरी जायचंय" म्हणतात. घरातले म्हणतात, "अहो, हेच तुमचं घर!" वाद वाढतो, आवाज चढतो आणि कोणीतरी रडते. डॉक्टरांनाही संध्याकाळचा हा प्रकार चांगला ठाऊक आहे. दिवसभराचा थकवा, मावळता उजेड, वाढत्या सावल्या, ही त्याची कारणे सांगतात. कधी भूक लागलेली असते किंवा लघवीला जायचे असते, आणि ते सांगता येत नाही. हे आधी पाहावे.

मग वाद न घालता विचारावे, "घरी कोण कोण आहे आबा? गोठ्यात गाय कोणती होती?" ज्या घराची आठवण येते ते पन्नास वर्षांपूर्वीचे घर असते. त्या घराविषयी दोन शब्द बोलता आले तरी पुष्कळदा पाय थांबतात. आजी मेलेल्या नवऱ्याची वाट पाहत असेल, तर "ते गेले, विसरलीस का?" असे सांगू नये. ती बातमी तिला दर वेळी नवी असते आणि दर वेळी ती नव्याने विधवा होते. "येतीलच आता" असे खोटेही रचण्याचे कारण नाही. "त्यांची आठवण येते ना? त्यांना काय करून घालत होता?" असे विचारावे. यात सत्यही राखले जाते आणि तिचे मनही.

आपल्या घरांत दिवेलागणीला हरिपाठाची रीत आहे. या रुग्णांसाठी यापरते चांगले निमित्त मला दिसत नाही. वेळ ठरलेली, शब्द बालपणापासून कानांवर पडलेले, चाल ओळखीची, हातात टाळ, शेजारी माणसे. नातवाचे नाव न सांगता येणारा माणूस हरिपाठ बिनचूक म्हणतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. संध्याकाळ होण्याआधीच घरात दिवे लावावे, खिडक्यांचे पडदे ओढावे, आणि त्यांना मध्ये बसवून आरंभ करावा. टाळांचा आवाज सोसत नसेल तर टाळ्या वाजवाव्या. हरिपाठाची जेथे रीत नाही तेथे जुने गाणे असेल, ओव्या असतील, दुसऱ्या धर्माच्या घरी त्यांची प्रार्थना असेल. तत्त्व तेच.

६. मंडळीतली जागा

आता संप्रदायातील मंडळींना एक गाऱ्हाणे सांगायचे आहे. भजनात एखादा म्हातारा चाल सोडून भलतेच म्हणू लागला, कीर्तन चालू असता मध्येच उठून बोलू लागला, की दोन-तीन वेळा लोक सांभाळून घेतात. मग हळूच घरी निरोप जातो, "त्यांना आणू नका, दगदग होते." दगदग कोणाची होते? एका गावी अशाच एका जुन्या टाळकऱ्याला मंडळीने येऊ नये म्हणून सांगितले. त्यांची सून मला म्हणाली, "तेवढी एक संध्याकाळ त्यांची होती महाराज. आता सातही दिवस सारखेच." चाळीस वर्षे ज्याने ध्रुपद धरले त्याची जागा आम्ही एका निरोपाने काढून घेतो, यासारखी निष्ठुर गोष्ट नाही.

माणसांत बसण्याचा गुण कल्पनेतला नाही. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांच्या लहान गटांना आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, म्हणजे १४ बैठकांना एकत्र बसवून गप्पा, गाणी, खाद्यपदार्थ, जुन्या वस्तू यांवर रमवण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. बुद्धीच्या चाचणीत आणि जगण्याच्या समाधानात काहीसा फरक पडलेला आढळला. आपल्याकडे भजनी मंडळ गावोगाव आयते आहे. करायचे एवढेच. आजारी माणसाला दोन जाणत्या टाळकऱ्यांच्या मध्ये उभे करावे. उजवीकडचा ताल दाखवील, डावीकडचा हात धरील. थकला तर बाजूला बसवावे. मध्येच बोलला तर हसू नये, वळून पाहू नये. कीर्तनकारानेही आपला स्वर तसाच पुढे न्यावा.

वारीचे मात्र तारतम्य ठेवावे. आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंतची वाट, लाखोंची गर्दी, रोज नवा मुक्काम, हे या माणसाला झेपणारे नाही, आणि चुकामूक झाली तर शोधणे कठीण. पालखी जवळच्या गावावरून जात असेल तर एक टप्पा, अर्धा टप्पा, घरच्या माणसाचा हात धरून चालवावा. तेही जमत नसेल तर वाटेच्या कडेला सावलीत खुर्ची टाकून बसवावे आणि बुक्का लावून घ्यावा.

७. रोग वाढल्यावर

पुढे पुढे हातही थांबतात. वात वळता येत नाही, शब्द दोन-चार उरतात. तेव्हा आता काही करण्यासारखे राहिले नाही असे मनात येते. पण ऐकणे, स्पर्श, वास, ऊब, ही द्वारे उघडी असतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवावे. तळपायांना खोबरेल चोळावे. हातात तुळशीची काडी द्यावी, जुनी माळ द्यावी, मऊ धोतर द्यावे. ओळखीची चाल मंद आवाजात कानाशी म्हणावी. नजरेसमोर येऊन बोलावे, मागून हात लावू नये. या अवस्थेत गिळणे बिघडते, म्हणून प्रसाद म्हणून शेंगदाणा, फुटाणा, लाह्या तोंडात घालू नये. मऊ पदार्थ, ताठ बसवून, लहान घासाने द्यावा. त्यांच्या देखत त्यांच्याविषयी "यांना काही कळत नाही" हे वाक्य कधीही बोलू नये.

८. विण्याचा पहारा

हे सारे कोण करणार? बहुतेक घरांत उत्तर एकच असते, सून. नाहीतर लेक, नाहीतर स्वतः थकलेली बायको. बाकीचे "सेवेचं पुण्य मिळतं हो तुम्हाला" म्हणून मोकळे होतात. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पण ती सात दिवस एकाच्याच गळ्यात असते काय? पहारे लावलेले असतात. फळ्यावर नावे लिहिलेली असतात. वेळ संपली की पुढचा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि पहिला निश्चिंत झोपतो. म्हणून तर सप्ताह अखंड चालतो.

घरातही पहारे लावा. रविवारी दुपारी थोरला मुलगा, मंगळवारी संध्याकाळी शेजारची बाई, महिन्यातून चार दिवस लेक. नावे भिंतीवर लिहा. दूर शहरात राहणाऱ्या भावाने पैसे पाठवून भागले असे समजू नये, त्याने वर्षातून पंधरा दिवस स्वतः वीणा घ्यावी. सांभाळणारीची झोप मोडली, चिडचिड वाढली, की तो तिचा दोष न मानता पहारा लांबल्याची खूण मानावी.

बाहेरचीही मदत आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि मनाच्या ताणासाठी १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. दोन्ही निःशुल्क आहेत. या रोगासाठी १९९२ साली केरळात स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांच्या कुटुंबांना मार्गदर्शन करते.

या महिन्याचा अभ्यास

ज्यांच्या घरी असे वडीलधारे माणूस आहे त्यांनी पुढील चार गोष्टी महिनाभर करून पाहाव्या.

एक : वही करावी, आणि तिच्यातून तीन कामे निवडावी. रोज एक काम, त्याच वेळी, त्याच जागी.

दोन : महिनाभर त्यांना आठवणीची परीक्षा घेणारा एकही प्रश्न विचारू नये. पाहुण्यांनाही दारातच तसे सांगावे.

तीन : संध्याकाळचा दिवा लवकर लावावा आणि अर्धा तास सर्वांनी त्यांच्याजवळ बसावे.

चार : पहाऱ्यांची यादी लिहून भिंतीवर लावावी. तीत निदान तीन नावे असावीत.

ज्यांच्या घरी असे कोणी नाही त्यांनी आपल्या मंडळीत गेल्या दोन-तीन वर्षांत कोण येईनासा झाला हे आठवून पाहावे. त्याच्या घरी जावे, आपण होऊन नाव सांगावे, टाळांची एक जोडी बरोबर न्यावी. काही बोलू नये. टाळ त्याच्या हाती द्यावे आणि आपण आरंभ करावा.

रामकृष्णहरि.